अक्षराच्या वळणावर कुणाचा हक्क असावा का? (फॉन्ट, कॉपीराइट आणि आपली देवनागरी)

शिरोरेघ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सांगलीला मामाकडे गेले होते. विश्रामबागेत रिक्षातून उतरले आणि समोर वीस फुटी फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, 'कणखर नेतृत्व' वगैरे, नेहमीचंच. पण मी तिथेच थबकले. त्यावरची अक्षरं मी काढलेली होती.

ओळखलं ते 'ण'वरून. फॉन्ट करताना अक्षराची चौकट हजार भागांची धरतात. माझ्या पहिल्या चाचणी-प्रतीत 'ण'ची शिरोरेघ चुकून चार भाग खाली राहिली होती. पुस्तकाच्या आकारात ते कुणाच्या बापाला दिसत नाही. पण अडीच फुटी 'कणखर' लिहिलं की 'क' आणि 'ख'च्या मध्ये 'ण'पाशी चारपाच मिलिमीटरची पायरी पडते. ती पायरी मी रस्त्याच्या पलीकडून पाहिली. चूक मी महिन्याभरात दुरुस्त केली होती, म्हणजे ती पहिली प्रत बाहेर गेली होती. घरी येऊन शोधलं तर 'सर्व मराठी फॉन्ट' नावाच्या एका झिप फाइलमध्ये सापडला. नाव बदललेलं आणि आतली माझी माहिती पुसलेली.

अडीच वर्षांच्या संध्याकाळी गेल्यात त्यात. साडेआठशेच्या वर ग्लिफ, म्हणजे वेगवेगळे काढलेले अक्षर-आकार, आहेत. इंग्रजीत सव्वीस मोठी, सव्वीस लहान, आकडे नि चिन्हं झाली की निदान एक फॉन्ट उभा राहतो. आपल्याकडे एकट्या 'त'ची जोडाक्षरं मोजा. 'द्ध', 'द्व', 'ह्म', 'ह्य' प्रत्येक वेगळं काढावं लागतं. 'सुऱ्या'तला आडवा र वेगळा. वेलांटी तर एक करून भागतच नाही. 'कि'ला लागते ती 'ष्टि'ला आखूड पडते, म्हणून मी वेलांटीच्या नऊ रुंदी केल्या.

नंतर वाचनात आलं की आपल्या देशात अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाही. म्हणून विचारते. फाइलची चोरी एक झाली, पण मुळात अक्षरवळणाला, त्या रेखाटनाला, कॉपीराइट असावा का? मला असावा असं वाटतं. पण ज्यांना नको वाटतं त्यांचं ऐकायचंय, कारण मी ह्यात अडकलेली आहे.

---

बोरू

असायलाच हवा. चित्रकाराने आंबा काढला तर त्याचा हक्क, गवंड्याच्या नकाशाला हक्क, आणि अक्षर काढणाऱ्याला नाही? हे मला पटणारच नाही.

---

अण्णा_डीटीपी

ताई, आधी तुमच्या कामाला नमस्कार. आता आमची बाजूही ऐका. इचलकरंजीत चोवीस वर्षं डीटीपी करतोय. पत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स. रात्री आठला माणूस येतो, सकाळी सातला बोर्ड लागलाच पाहिजे म्हणतो, आणि मोबाइलवर फोटो दाखवून सांगतो, "असलंच अक्षर पायजे." तो फॉन्ट कुणाचा, हे मला कळणार कसं? आत नावच नसतं. काँप्युटर बसवणारा पोरगाच पेनड्राइव्हवरून हजारभर फॉन्ट टाकून जातो.

दुसरं. मी २००३ साली पदरचे पैसे घालून एक सॉफ्टवेअर रीतसर घेतलं होतं, डोंगलवालं, म्हणजे काँप्युटरला ती छोटी किल्ली लावली तरच चालणारं. वळवाच्या पावसात वीज पडली, डोंगल जळलं. फोन केला तर म्हणाले, नवीन पूर्ण किंमतीला घ्या. बिल दाखवलं, हातापाया पडलो, काही नाही. शंभर पत्रिकांचं काम अंगावर होतं. त्या दिवशी मित्राकडून पेनड्राइव्ह आणला. चूक असेल, पण असं झालं.

कॉपीराइट आणायचा तर आणा. पण उद्या 'तू छापलंस' म्हणून माझ्या दुकानावर पोलीस येणार असतील तर मी विरोधात.

---

कायदेकानू

शिरोरेघताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. ते सुटे केले की बरंच स्पष्ट होईल.

पहिला, फाइल. फॉन्टची फाइल (टीटीएफ किंवा ओटीएफ) ही संगणकाला सूचना देणारी गोष्ट आहे. ती संगणक-प्रणाली म्हणून कॉपीराइटखाली येते, अशी मांडणी करता येते आणि सगळ्या फॉन्ट कंपन्यांचे परवाने त्यावरच उभे आहेत. अमेरिकेत १९९८ साली अडोबी विरुद्ध सदर्न सॉफ्टवेअर खटल्यात न्यायालयाने हेच मानलं. तिथला मुद्दा तुम्हाला आवडेल. वळणरेषेवर नियंत्रक बिंदू कुठे ठेवायचे ही डिझायनरची निवड असते, आणि त्या निवडीत निर्मिती आहे, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या 'ण'ची पायरी म्हणजे त्याच जातीचा पुरावा. दोन माणसं एकच अक्षर सारखं काढतील, पण एकच चूक त्याच चार भागांची करणार नाहीत.

दुसरा, आकार. कुणी तुमची फाइल न घेता छापील पानावरून अक्षरं गिरवली आणि स्वतःची नवी फाइल बनवली तर? तिथे आपला कायदा हात वर करतो. २००२ साली कॉपीराइट बोर्डापुढे 'आनंद एक्स्पांडेड इटालिक्स' हे प्रकरण आलं होतं. टाइपफेस (म्हणजे सगळ्या अक्षरांचं मिळून एक वळण) ही 'कलाकृती' म्हणून नोंदवायला बोर्डाने नकार दिला. शिवाय कलम १५ आहेच. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढलं, की त्यातला कॉपीराइट संपतो.

मग उरतो डिझाइन कायदा, २०००चा. त्याखालच्या वर्गीकरणात टाइप आणि टाइपफेस यांचा उल्लेख आहे. संरक्षण १० वर्षं, वाढवून आणखी ५. पण अट अशी की नोंदणीच्या आधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. बहुतेक डिझायनर फॉन्ट आधी लोकांना दाखवतात, मग वकिलाकडे येतात. तोवर उशीर झालेला असतो.

---

मुक्तस्रोत

मी विरोधात आहे, आणि मनापासून आहे.

कॉपीराइट म्हणजे आपल्याकडे निर्मात्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. पंचविशीत फॉन्ट काढला, पंच्याहत्तरीत गेलात, तर ११० वर्षं. ११० वर्षं एका 'ळ'च्या वळणाला कुंपण? अक्षर हे चित्र नाही, ते पाणवठ्यासारखं आहे. त्याच्यावाचून लिहिता येत नाही, वाचता येत नाही. अमेरिकेने १९७६चा कायदा करताना टाइपफेस मुद्दाम बाहेर ठेवले. १९७८ साली एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात न्यायालयानेही तेच धरलं. तरीही जगातला सगळ्यात मोठा फॉन्टबाजार तिथेच आहे. म्हणजे आकाराला कॉपीराइट नसला तर कुणी फॉन्ट करणार नाही, हे खरं नाही.

आणि आज आपल्या मोबाइलवर मराठी एवढं देखणं दिसतं ते कशामुळे? मुक्ता, बालू, हिंद, पॉपिन्स, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, ह्या फॉन्टांमुळे. फुकट घ्या, वापरा, बदला. मी एका खेड्यातल्या शाळेचं हस्तलिखित आता फॉन्टमध्ये छापून देतो, दर वर्षी. एक पैसा लागत नाही. मुलं स्वतःची कविता 'पुस्तकासारखी' छापलेली बघतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

---

शिरोरेघ

@मुक्तस्रोत, त्या फॉन्टांवर माझंही प्रेम आहे, मी त्यांच्यावरूनच शिकले. पण ते फुकट आहेत ते कुणीतरी आधी पैसे मोजले म्हणून. कुठे गूगलने, कुठे शासनाने डिझायनरला मानधन दिलं. मला कुणी दिलेलं नाही. माझा फॉन्ट मुक्त करायचा की विकायचा, हे ठरवायचा हक्क माझ्याकडे असावा, एवढंच मागणं आहे.

@अण्णा, तुमच्या डोंगलची गोष्ट वाचून वाईट वाटलं. तुमच्यावर रोख नाही.

---

आजोळ

माझे आजोबा गिरगावात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. जुळारी. संध्याकाळी घरी आले की बोटांची टोकं शिशाने करडी झालेली असत आणि जेवायच्या आधी राखेने हात घासत, ते मला अजून दिसतं. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं थोडं सांगते.

चोरी काँप्युटरने आणलेली नाही. जुन्या पद्धतीत पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच. तो तांब्यात ठोकून मातृका, आणि मातृकेत शिसं ओतून खिळा. पंच कोरणं हे महिनोनमहिन्यांचं काम. एकोणिसाव्या शतकात विजेने तांब्याचा थर चढवायची युक्ती आली. मग दुसऱ्या ओतशाळेचे (खिळे ओतणाऱ्या कारखान्याचे) खिळे बाजारातून विकत आणायचे, त्यांच्यावर तांबं चढवून मातृका बनवायच्या, आणि तेच अक्षर आपल्या नावाने विकायचं. पंच कोरणारा तिकडे, पैसे इकडे. युरोप-अमेरिकेतल्या ओतशाळांनी ह्यावरून डोकी फोडली आहेत. अमेरिकेत १८४२ साली पहिलं डिझाइन पेटंट दिलं गेलं ते कशाला माहीत आहे? जॉर्ज ब्रूस ह्यांच्या छपाईच्या टाइपाला.

आणि आपलं निर्णयसागर. जावजी दादाजींचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि असावंच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात काम शिकलेला माणूस, त्याने काळबादेवीत टाइपाचा कारखाना आणि १८६९ साली छापखाना काढला. निर्णयसागरी वळण म्हणजे देवनागरीचा मानदंड झाला, काशीपर्यंतच्या संस्कृत पंडितांना तीच अक्षरं हवीशी वाटायची. पण ती अक्षरं पोलादावर कोरली कुणी? राणोजी रावजी आरू. हे नाव ह्या धाग्यावर किती जणांनी ऐकलंय? शिरोरेघताई, तुमच्या फाइलमधून तुमचं नाव पुसलं हे वाचलं आणि मला पहिल्यांदा आरूच आठवले.

---

बोरू

@आजोळ, आरूंचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. डायरीत लिहून ठेवलं.

---

स्टुटगार्टकर

इकडची पद्धत सांगतो. जर्मनीत अक्षरवळणांसाठी १९८१ साली वेगळा कायदाच केला होता. आता ते डिझाइन कायद्याखाली येतं, कमाल २५ वर्षं. म्हणजे नोंदवा, ठरावीक वर्षांनी शुल्क भरून वाढवा, २५ वर्षांनी सगळ्यांचं.

त्याआधी १९७३ साली व्हिएन्नामध्ये टाइपफेसच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. किमान १५ वर्षं संरक्षण द्यायचं असं ठरलं. तो अमलात यायला पाच देशांची अंतिम मान्यता हवी होती. फ्रान्स आणि जर्मनी, दोनच पुढे आले. करार कागदावर राहिला.

नामवंत टाइप डिझायनर हर्मान त्साफ इथलेच. त्यांच्या पॅलाटिनो फॉन्टसारखा हुबेहूब दिसणारा बुक अँटिक्वा मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरबरोबर घरोघरी गेला. एटाइपआय ही संघटना तेव्हा टाइपफेसची नक्कल करायची नाही असं वचन सदस्यांकडून घ्यायची. तिने ह्यात काही केलं नाही म्हणून त्साफ १९९३ साली तिच्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांची पंच्याहत्तरी होती. त्या उंचीच्या माणसावर ही वेळ येते तर बाकीच्यांचं काय?

---

नदीकाठ

पण मुख्य अडचण कुणी बोलत नाहीये. 'सारखं' म्हणजे किती सारखं? एरियल आणि हेल्व्हेटिका हे दोन इंग्रजी फॉन्ट घ्या. रुंदी अक्षरागणिक तीच ठेवली, मुद्दाम, म्हणजे एकाच्या जागी दुसरा घातला तरी मजकूर हलणार नाही. पण 'आर'चा पाय, 'टी'चं टोक वेगळं. ही नक्कल की नवं काम? तज्ज्ञांचं एकमत नाही, तिथे न्यायाधीश काय ठरवणार?

देवनागरीत तर आणखी कठीण. पुस्तकी मजकुराचे सगळे चांगले फॉन्ट निर्णयसागरी वळणाचेच नातू-पणतू आहेत. बोरूच्या कापातून आलेला जाड-बारीकपणा तोच, 'अ'चा झोक तोच. ज्याच्याकडे वकील आहेत तो म्हणेल हे सगळं माझंच. आणि तुमच्यासारखी एकटी, संध्याकाळी बसून फॉन्ट करणारी मुलगीच आधी घाबरेल. कायदा दुबळ्यासाठी मागायचा आणि मिळायचा बलवानाला, असं होऊ नये म्हणून माझा विरोध.

---

ळकारान्त

थोडं विषयांतर, पण लागू आहे. आपला मराठी 'ल' आणि 'श'! पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श. युनिकोडमध्ये, म्हणजे काँप्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हिंदी-मराठीला एकच स्थान आहे, आकार फॉन्ट ठरवतो. त्यामुळे कित्येक वर्षं आपण आपल्याच पाठ्यपुस्तकांत दंडाचा हिंदी ल बघत आलो. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेतले हे आकार प्रमाण म्हणून सांगितले. त्यानंतर निदान मागणी तरी करता येते. टिरो देवनागरीची तर हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी वेगवेगळी रूपं आहेत, मराठीवाल्यात आपला ल येतो.

माझ्या मुलीच्या बाईंनी तिचा पाकळ्यांचा ल लाल शाईने खोडला होता. पुस्तकात तसा नाही म्हणून! मी शासन निर्णयाची प्रत घेऊन शाळेत गेलो. बाईंनी शांतपणे वाचलं आणि वर्गात फळ्यावर दोन्ही ल काढून दाखवले.

मुद्दा असा की ल कुणाचा? कुणाचाच नाही आणि आपल्या सगळ्यांचा. पण त्या पाकळ्या किती फुगवायच्या, देठ कुठे वळवायचा, हे ज्याने बसून ठरवलं त्याचं ते काम आहे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर मी कायद्याच्या बाजूने.

---

जुनीपानं

ळकारान्त यांनी विषय काढलाच आहे तर मीही मनातलं बोलतो. आम्ही तिघे मित्र एक छोटा दिवाळी अंक काढायचो, १९९६ ते २००५. सगळे अंक सीडीवर जपून ठेवलेत. मागच्या वर्षी एका लेखकाचं निधन झालं, त्यांची आमच्याकडची कथा पुन्हा छापावी म्हणून फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, चौकोन, डॉलरची चिन्हं. कारण तो फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. त्या काळी प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या मनाने मराठी तुकडे बसवायची. एकीचा 'क' 'के'वर, दुसरीचा 'डी'वर. फॉन्ट नसेल तर मजकूरच नाही. आमच्याकडचं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर होतं ते भंगारात गेलं.

शेवटी छापील अंक समोर ठेवून माझ्या पत्नीने आणि मी ती कथा पुन्हा टाइप केली. चोवीस पानं, चार रात्री. करताना एके ठिकाणी लक्षात आलं की १९९८ साली आम्ही एक आख्खी ओळ गाळली होती. लेखक कधी बोलले नव्हते.

म्हणून मला 'फॉन्टला संरक्षण' म्हटलं की पोटात गोळा येतो. आकाराला संरक्षण द्या, हरकत नाही. पण मजकूर कुलुपात जाता कामा नये. अक्षर कुणाचंही असो, लिहिलेलं वाक्य लिहिणाऱ्याचं आहे.

---

मुक्तस्रोत

@जुनीपानं, अशा जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं आहेत. फॉन्टचं नाव कळवा, मी ह्या आठवड्यात बसून करून देतो. रफार आणि ऱ्हस्व वेलांटीचा क्रम बऱ्याचदा उलटतो, तेवढं हाताने बघावं लागेल.

---

जुनीपानं

व्यक्तिगत निरोप केला आहे. अजून नऊ अंक आहेत. आभार शब्दांत मावत नाहीत.

---

अक्षरगंध

मी सुलेखन करतो. गमतीची गोष्ट आहे बघा. नाटकाच्या जाहिरातीसाठी मी चार अक्षरांचं शीर्षक काढून दिलं तर ती कलाकृती, माझा कॉपीराइट. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी शीर्षकं काढली, त्यांतलं एकेक अक्षर बोलायचं. नाव न वाचता नाटकाचा रंग कळायचा. त्यांना चित्र म्हणायला कुणाची ना नाही. पण मी त्याच हाताने, त्याच ब्रशने 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी वर्णमाला काढून एकत्र केली की तो टाइपफेस, आणि संरक्षण गेलं! जास्त काम केलं तर हक्क कमी. मला हे समजतच नाही.

---

कायदेकानू

@अक्षरगंध, कायद्याचं म्हणणं असं की शीर्षक बघण्यासाठी आहे, वर्णमाला वापरण्यासाठी. भांडं आणि भांड्याचं चित्र यांत जो फरक करतात तो. माझ्या मते हा फरक पूर्ण चुकीचा नाही, पण उत्तर 'शून्य संरक्षण' हे नसावं.

@अण्णा आणि @नदीकाठ यांच्या भीतीवर एका देशाने उत्तर काढलेलं आहे. ब्रिटनचा १९८८चा कॉपीराइट कायदा पाहा. टाइपफेसला तिथे कॉपीराइट मिळतो, पण मजकूर टाइप करणं, जुळवणं, छापणं ह्या नेहमीच्या कामात तो फॉन्ट वापरला तर उल्लंघन नाही. ते अक्षर उमटवणारी साधनं जो बनवतो, आयात करतो किंवा विकतो, त्याला मात्र धरता येतं. म्हणजे अण्णांनी पत्रिका छापली तर टाइपफेसच्या कॉपीराइटखाली त्यांना हात लावता येत नाही. नक्कल करून फॉन्ट विकणाऱ्याला लावता येतो. आणि मुदत आयुष्यभर अधिक सत्तर नाही, त्या साधनांची विक्री सुरू झाल्यावर २५ वर्षं. ती संपली की कुणीही नवी साधनं बनवावीत.

आणि @मुक्तस्रोत, एक लक्षात घ्या. तुमचे आवडते फॉन्ट ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात, ते स्वतः कॉपीराइटवरच उभं आहे. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, राखून ठेवलेलं नाव बदललेल्या आवृत्तीला द्यायचं नाही, श्रेय पुसायचं नाही, ह्या अटी पाळायला लावायच्या तर हातात काहीतरी हक्क लागतो. हक्क आहे म्हणून 'मी मोकळं करतो' म्हणता येतं.

---

मुक्तस्रोत

हा शेवटचा मुद्दा मान्य. श्रेय पुसणाऱ्याला मलाही धरायचं आहे. पण मुदतीवर मी ठाम. कॉपीराइट हा शब्द आला की आपल्याकडे आयुष्य अधिक साठ आपोआप चिकटतं. १५ वर्षांच्या वर एक दिवस नको.

---

नदीकाठ

ब्रिटनच्या पद्धतीने छापणारा वाचतो, ते बरं. पण 'किती सारखं' ह्याचं उत्तर अजून मिळालं नाही. मी अजून विरोधातच.

---

शिरोरेघ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आठ दिवस विचार करत होते.

धागा काढला तेव्हा मी रागात होते आणि 'कॉपीराइट हवा' म्हणताना माझ्या मनात आयुष्यभराचा हक्क होता. आता तो नको वाटतो. जुनीपानंकाकांच्या चार रात्री वाचल्यावर तर नाहीच. माझ्यानंतर साठ वर्षं कुणाला माझी परवानगी मागत फिरायला लागू नये.

पण काहीच नको, हेही मान्य नाही. मला वाटतं १५ वर्षं पुरतात. डिझाइन कायद्यात आजही तेवढीच आहेत. बदलायची ती 'आधी दाखवलं तर हक्क गेला' ही अट. फॉन्ट लोकांना न दाखवता तयारच होत नाही. 'ऱ्ह' वाचता येतो का, आठ पॉइंटमध्ये 'ष' आणि 'प' वेगळे दिसतात का, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनीच कळतं. दाखवल्यापासून वर्षभर नोंदणीची मुभा द्या. छापणाऱ्याला सूट द्या, ब्रिटनसारखी. आणि नाव पुसणं हा वेगळा गुन्हा ठेवा, मुदत संपल्यावरही.

@नदीकाठ, 'किती सारखं' ह्याला माझ्याकडे नियम नाही, पण अनुभव आहे. गुरूच्या वळणावरून शिकून मी 'अ' काढते तेव्हा शंभरदा खोडते, आणि शेवटी तो थोडा माझा होतो. नक्कल करणारा खोडत नाही. त्याच्या फाइलमध्ये माझी खोडायची राहिलेली चूकसुद्धा जशीच्या तशी असते. निर्णयसागरी घराण्यातले दोन फॉन्ट एकमेकांवर ठेवून बघा, कडा कधीच जुळत नाहीत. माझा आणि त्या झिपमधला ठेवा, एक रेघही सरकत नाही. निदान तेवढं तरी न्यायालयाला दिसेल.

@आजोळ, नव्या आवृत्तीच्या माहितीच्या खणात मी माझ्या नावाखाली एक ओळ घातली आहे: राणोजी रावजी आरू यांच्या अक्षरांवरून शिकलेलं.

---

आजोळ

डोळ्यांत पाणी आलं. आजोबांच्या डब्यात त्यांनी जपलेले सात-आठ खिळे आहेत, त्यांत एक 'ण' आहे. फोटो पाठवते.

---

अण्णा_डीटीपी

ताई, आमच्याकडच्या तिन्ही मशीनवर शोधलं. तुमचा फॉन्ट दुसऱ्या नावाने दोन ठिकाणी सापडला, 'कणखर' टाइप करून बघितलं, पायरी दिसली. काढून टाकला. ज्या पोराने टाकला होता त्यालाही सांगितलं, तो आणखी बारा दुकानांत जातो.

आता खरा फॉन्ट घ्यायचा आहे. एका दुकानाला काय पडेल? डोंगल नको. आणि पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड चालत नाही, त्याचं काही करता येईल का? आमची निम्मी कामं अजून त्यातच आहेत.

---

शिरोरेघ

अण्णा, डोंगल नाही, मशीन बदललं तर पुन्हा पैसे नाहीत. किमतीचं निरोपात बोलू. पेजमेकरचं मात्र प्रामाणिकपणे सांगते, त्यासाठी जुन्या पद्धतीचा वेगळा फॉन्ट बनवावा लागेल आणि मग जुनीपानंकाकांसारखी वेळ पुन्हा कुणावर तरी येईल. ते मी करणार नाही. त्याऐवजी युनिकोड चालणारं फुकट पेजमेकिंग सॉफ्टवेअर आहे, स्क्रायबस. दिवाळीनंतर दोन दिवस इचलकरंजीला येते, तुमच्या दुकानात बसून तुमच्या पत्रिकेचे नमुने त्यात बसवून देते. तोवर तुमच्या कामात जी जोडाक्षरं नेहमी अडतात त्यांची यादी करून ठेवा.

---

अण्णा_डीटीपी

या. यादीत पहिलं 'चि. सौ. कां.'मधला अनुस्वार. तो कान्याला चिकटतो.